काळ्या मातीची सोयरीक

(यवतमाळ जिल्ह्यातील एका गावाच्या सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यवाह, मला पाटीवर अक्षर गिरवायला शिकवणाऱ्या बाई आणि माझ्या गावातील बंधुभगिनींनो, मला ‘खेड्यातून परराष्ट्र सेवेकडे’ हा विषय दिलेला आहे आणि त्यावर मी बोलणारच आहे. परंतु त्याआधी जे सांगायचे आहे, त्यासाठी मी कित्येक वर्षे अशा सभेची वाट पाहत होते. परराष्ट्र सेवेत जायचे तर जन्म मोठ्या शहरात व्हावा लागतो आणि शिक्षण इंग्रजी शाळेत, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे. परदेशात संसार मांडला तेव्हा मला सर्वांत जास्त उपयोगी पडले ते आपल्या वावरात आणि आईच्या चुलीपाशी शिकलेले ज्ञान.

माझे लग्न २००७ च्या फेब्रुवारीत झाले. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता, त्यामुळे आईने जावयाला धोंड्याचे वाण दिले आणि ते तेहेतीस अनारसे डब्यात भरूनच आम्ही अदिस अबाबाला निघालो. इथिओपियाच्या या राजधानीत भारतीय दूतावासात द्वितीय सचिव म्हणून माझी नेमणूक झाली होती. यजमान अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलेले. माझ्याबरोबर येता यावे म्हणून त्यांनी हातातली नोकरी सोडली होती. त्याविषयी मी पुढे बोलणार आहे.

अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या दुपटीहून अधिक. तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे तुरीची डाळ उघड्या पातेल्यात तासन्‌तास शिजत नाही, हा आमच्या संसाराचा पहिला धडा. देशाला स्वतःचा समुद्रकिनारा नाही. आमचे सामान जिबूतीच्या बंदरातून ट्रकने यायचे होते आणि कुकर त्याच सामानात होता. सोबत आणलेले ज्वारीचे पीठही पंधरा दिवसांत संपले. मग आम्ही दोघे मर्काटो नावाच्या अफाट बाजारात गेलो, तेव्हा एका म्हातारीपुढे पोत्यात ज्वारी दिसली आणि तिच्या शेजारच्या टोपलीत चक्क जवस! ज्वारीचे मूळ ईशान्य आफ्रिकेतले आहे, हे यजमानांनी पुस्तकात वाचले होते. पण तिथल्या पोत्यात हात घालून दाणे बोटांतून गळू देताना त्यांचा चेहरा माहेरचे माणूस भेटल्यासारखा झाला होता. जवसाला तिथे ‘तेल्बा’ म्हणतात. त्या रात्री मी लसूण-तिखट घालून जवसाची चटणी कुटली आणि भाकर थापली. नव्या घराला घरपण त्या रात्री आले.

आता ज्या दिवसासाठी मी ही सारी पूर्वपीठिका सांगितली, त्या दिवसाकडे येते. ऑगस्टमधला तिसरा रविवार होता. अदिस अबाबाच्या आग्नेयेला सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर बिशोफ्तू नावाचे गाव आहे. त्याच्या आसपास ज्वालामुखीच्या विवरांत साचलेली तळी आहेत. लोणारचे सरोवर उल्कापातातून झालेले, ही तळी आगीतून झालेली. तरी काठावर उभे राहिले की तोच गोल आणि तीच शांतता. तळे पाहून परतताना आम्ही आडवाटेने निघालो आणि गाडी काळ्या मातीत रुतली. चाकांवर मातीचे थर चढत गेले, जसे जुलैत आपल्या पांदण रस्त्यावर बैलगाडीच्या चाकांवर चढतात. बुटांना किलो-किलोचा चिखल! इथिओपियाच्या पठारावर ही आपल्यासारखीच काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी जमीन फार मोठ्या क्षेत्रावर पसरलेली आहे.

जवळच्या शेतातून एक शेतकरी आला. आम्हाला त्यांची भाषा नमस्कारापलीकडे येत नव्हती. यजमानांनी सवयीने खाली वाकून मूठभर माती उचलली, दाबली, तिचा गोळा करून जमिनीवर टाकला आणि तो फुटत नाही हे पाहून मान हलवली. त्या शेतकऱ्याने तसाच गोळा केला, टाकला, आणि त्यानेही मान हलवली. वापसा नाही, म्हणजे माती अजून मशागतीजोगी सुकलेली नाही. तुमच्यापैकी प्रत्येकाने हे हजार वेळा केले आहे. त्या क्षणी दोन देशांचे दोन शेतकरी एकमेकांशी पूर्ण वाक्यात बोलले, असे मी आजही मानते.

बैलजोडी लावून गाडी निघाली. मग त्याने आम्हाला आपले शेत दाखवले. अशा जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबते म्हणून तिकडचे शेतकरी पूर्वापार पाऊस ओसरण्याची वाट पाहतात आणि उरलेल्या ओलीवर हरभरा आणि टेफ हे त्यांचे बारीक धान्य पेरतात. याच्या शेतात मात्र रुंद वरंबे पाडून मधल्या सरीतून पाणी काढून दिले होते. त्यासाठीचे अवजार त्यांच्याच ‘मारेशा’ नांगरांची जोडी एकत्र बांधून, तिला पत्र्याचे पंख लावून केलेले होते. यजमान त्या अवजारापाशी उकिडवे बसले ते उठेचनात. रुंद वरंबा-सरीची ही पद्धत हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात काळ्या जमिनीसाठी विकसित केली आणि पुढे इथिओपियात ती तिथल्या नांगराला जुळवून घेण्यात आली. आज तुम्ही बीबीएफ यंत्राने सोयाबीन पेरता, ती हीच पद्धत.

त्याच्या आईने आम्हाला घरात बोलावले. आपला श्रावण सुरू होता आणि योगायोगाने त्यांच्या चर्चचा ऑगस्टमधला ‘फिल्सेता’ उपवासही सुरू होता, म्हणून ताटात मांस नव्हते, दूधतूपही नव्हते. इंजेरावर, म्हणजे टेफच्या आंबवलेल्या पिठाच्या मऊ पोळीवर, वाढलेला पदार्थ मी चाखला आणि यजमानांकडे पाहिले. ते हरभऱ्याच्या पिठाचे पिठले होते! आपण ज्याला घरोघर बेसन म्हणतो, त्याला ते ‘शिरो’ म्हणतात. मग त्या माउलीने इंजेराचा घास करून स्वतःच्या हाताने यजमानांना भरवला, नंतर मला. या प्रथेला ‘गुर्शा’ म्हणतात. तो मायेचा आणि मानाचा घास असतो. सहा महिन्यांपूर्वी आपल्या या गावात, उखाणा घेऊन, मी यजमानांना घास भरवला होता. शेवटी कॉफीच्या तीन फेऱ्या झाल्या, आणि पहिल्या फेरीचे नाव ‘अबोल’ आहे हे कळल्यावर, इतका वेळ शब्दांवाचून चाललेल्या त्या भेटीला याहून योग्य नाव मराठीतही सापडले नसते असे मला वाटले.

दूतावासात माझ्याकडे आयटेक या कार्यक्रमाचे काम होते. १९६४ पासून भारत या कार्यक्रमाखाली मित्रदेशांतील अधिकाऱ्यांना प्रशिक्षणासाठी बोलावतो. त्या रविवारनंतर शेतीखात्याच्या उमेदवारांचे अर्ज मी वेगळ्या नजरेने वाचू लागले. कोणाला भारतात कोणती माती पाहायची आहे, हे मी आवर्जून विचारीत असे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे आणि शेवटची एसटी गाठणाऱ्यांचीही मला जाणीव आहे. तरीही एक खंत बोलल्यावाचून मी विषयाकडे वळणार नाही. तिकडच्या समारंभांत पाहुणे हस्तांदोलनासाठी आधी माझ्या यजमानांकडे हात पुढे करीत आणि दूतावासातील कामाबद्दल त्यांनाच विचारीत. ते दर वेळी शांतपणे सांगत, “अधिकारी या आहेत.” मला जास्त लागले ते आपल्याकडचे. सुट्टीवर आले असताना एका सत्काराच्या पत्रिकेवर माझे नाव त्यांच्या नावामागे ‘सौ.’ म्हणून छापलेले होते, आणि नोकरी सोडलेला जावई हा कुजबुजीचा विषय झाला होता. बायका नवऱ्याच्या बदलीमागे पिढ्यान्‌पिढ्या नोकऱ्या सोडत आल्या, तेव्हा कोणी कुजबुजले नाही. सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला. त्या काळच्या नियमांनुसार स्त्री अधिकाऱ्याला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे आणि संसार कामाच्या आड येतो असे सरकारला वाटल्यास तिला राजीनामा द्यायला सांगता येत असे. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी या नियमांवर कठोर ताशेरे ओढले. मी लग्न करूनही सेवेत राहू शकले ते त्यांच्यामुळे, आणि माझ्या यजमानांमुळे.

आता विषय, थोडक्यात. परराष्ट्र सेवेची परीक्षा वेगळी नसते. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतूनच निवड होते. कोणत्याही शाखेची पदवी चालते, शेतकीचीही. वयाची अट २१ ते ३२, मागास प्रवर्गांना नियमानुसार सवलत. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजीत असते, परंतु मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीत लिहिता येतात आणि मुलाखतही मराठीत देता येते. इंग्रजीचा ३०० गुणांचा एक पेपर आहे. तो फक्त उत्तीर्ण व्हायचा असतो, त्याचे गुण क्रमवारीत धरत नाहीत. निवडीनंतर एक परदेशी भाषा सरकारच शिकवते. मला अरबी शिकवली, तीही कैरोत पाठवून.

मी सोमवारपर्यंत भावाकडे आहे. सकाळी आठनंतर ज्यांना यायचे असेल, विशेषतः मागे उभ्या असलेल्या मुलींनी, अवश्य यावे. जुन्या प्रश्नपत्रिका मी आणल्या आहेत आणि यजमानही सोबत आहेत; माती आणि पेरणीचे प्रश्न त्यांना विचारावेत.