गाडी सुगीसाठी घ्यायची की आषाढासाठी?

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर माझा विषय ‘शेतीसाठी गाडी कशी निवडावी’ असा छापलाय. त्याच्याखाली ‘चहापानाची सोय आहे’ हे त्याहून मोठ्या अक्षरात आहे, तेव्हा गर्दी कशासाठी झालीय ते मला समजतं. मला 45 मिनिटं दिलीत. म्हणणं एका वाक्याचं आहे, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना डेअरीवर दूध घालायचंय ते मोकळे. आपण गाडी घेतो सुगीचे पंधरा दिवस डोळ्यांपुढं ठेवून, आणि वापरतो बाकीचे साडेतीनशे दिवस.

हे मला पोळ्याच्या दिवशी कळलं. ती गोष्ट सांगतो, छोटी आहे.

त्या साली टोमॅटोनं हात दिला होता. हातात पैसा आला की शेतकऱ्याला एक तर बोअर दिसतो नाही तर गाडी. मी शोरूमला गेलो. चकचकीत फरशीवर पिकअप उभी. मी फाळका पाडला, हौदा बघितला, मनातल्या मनात टोमॅटो भरायच्या जाळ्या मोजल्या आणि तिथंच फसलो. चिखलात फसायचा कार्यक्रम नंतरचा.

आमचं रान कादवेकाठचं, काळंभोर. डांबरीपासून आत चारशे पावलं पाणंद, मधे एका बाभळीपाशी ती इतकी चिंचोळी होते की दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला मागं फिरावं लागतं. ही पाणंद का चिंचोळी झाली, कोणी दरवर्षी बांध टीचभर सरकवला, महसूल संहितेचं कलम 143 काय म्हणतं, तहसीलदारांपुढं मामलेदार कोर्ट कायद्याचा दावा कसा लावतात, हे सगळं मला पाठ आहे. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे आणि माझे दोन बांधकरी पहिल्या रांगेत बसलेत. (हशा)

तर पोळ्याचा दिवस. तीन दिवस झिमझिम चाललेली. गाडीत 70 जाळ्या, वीस किलोची एक, म्हणजे 14 क्विंटल. व्यापाऱ्याचा ट्रक अंधार पडायच्या आत निघणार. बाभळीपाशी आलो आणि मागचं डावं चाक बसलं. मी रेस देतोय, डावं चाक गरगर फिरून माझ्याच शर्टावर चिखल उडवतंय आणि उजवं चाक लग्नातल्या रुसलेल्या पाहुण्यासारखं जागचं हलत नाही. ही डिफरन्शियलची करामत. वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देते म्हणून गाडी सुखानं वळते, पण चिखलात ज्या चाकाला पकड नाही तेच फिरत राहतं. ट्रॅक्टरला यासाठी डिफ लॉक असतो, पायाशी छोटं पेडल. ते दाबलं की दोन्ही चाकं एका दावणीला.

पळत शेजारच्या आप्पांकडे गेलो. गोठ्यापुढं बैल उभे. आदल्या दिवशी खांदेमळणी झालेली, शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल. मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, “आज जुंपायचे नाहीत.”

मी म्हटलं, “जुंपू नका आप्पा, नुसता दोर लावून ओढू.”

“मग जुंपणं दुसरं काय असतं रे?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पुढच्या वस्तीवर ट्रॅक्टर होता. त्याच्या बोनेटला झेंडूची माळ, पुढं नारळ फोडलेला. मालक पुरणपोळी खाऊन आडवा झालेला. म्हणाला, “दादा, त्याचाही आज पोळा.”

शेवटी आम्ही घरच्यांनी 70 जाळ्या डोक्यावरून डांबरीला काढल्या. सणाची नवी लुगडी नेसून. त्या दिवशी मी घरात काय काय ऐकलं ते व्याख्यानमालेत सांगण्यासारखं नाही. मला वाटलं, आता गाडी हलकी झाली, निघेल. तर ती आणखीच घसरायला लागली! इंजिनाचं वजन पुढं आणि ओढणारी चाकं मागं. रिकामी असली की मागच्या चाकांवर भारच नाही. म्हणजे भरली की रुतते, रिकामी केली की घसरते. तेवढ्यात डेअरीचे कॅन सोडून परतणारा एक पोरगा छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला. दोन खेपांत माल शेडवर पोचवला, भाडं घेतलं, वर आईनं दिलेली पोळीही घेतली. पिकअप रात्रभर बाभळीखाली. सकाळी आप्पांच्या बैलांनी ती पाच मिनिटांत काढली.

त्यानंतर वर्षभर मी प्रत्येक फेरी वहीत टिपली. एक पान वाचतो. ‘सोमवार: युरिया दोन गोण्या. मंगळवार: पंपाची मोटार रिवाइंडिंगला. बुधवार: घास, आणि वहिनींना दवाखाना. शुक्रवार: निंदणीच्या बायका आणायला.’ युरियाची गोणी 45 किलोची. म्हणजे 90 किलोसाठी मी दीड टनाचा हौदा तालुक्याला हिंडवत होतो!

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. पाचच मिनिटं? बरं, मूळ विषय आता घेतो.

छोटा हत्ती, म्हणजे टाटांनी 2005 साली काढलेली एस, तेव्हा पाऊण टनाच्या मापाची. रोजची ने-आण आणि वाटेत डांबरी किंवा मुरूम असेल तर पुरते. पिकअप सव्वा-दीड टन आणि पुढं. आठवड्यातून तीन-चारदा भरून मार्केटला जाणार असाल तरच घ्या, नाहीतर हप्ता तुम्ही भरताय आणि गाडी सावलीत बसलीय. द्राक्षवाल्यांनी आधी अठरा-वीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर बघावा. ओळीत शिरतो, पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, फवारणीचा ब्लोअर चालतो, मागं छोटी ट्रॉली लागते. मात्र वीस किलोमीटरवरच्या मार्केटला भरून जायला तास मोडतो. सुगीला मोठी गाडी भाड्यानं सांगा, भाव ठरवून, पोळ्याच्या आधी.

कागदांचं घाईत सांगतो. मालवाहू गाडीचं भरल्या मालासकट मंजूर वजन 3,000 किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. इन्शुरन्स, फिटनेस लागतंच. लायसन्स साध्या एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या वाहनाचं, चालतं, 7,500 किलोपर्यंत. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ते पक्कं केलंय.

चिठ्ठी पुन्हा आली. उठतो. शोरूमला जायच्या आधी टेप घेऊन आपल्या पाणंदीत जा, आषाढात जा, आणि सगळ्यात चिंचोळी जागा मोजा. गाडीच्या रुंदीत आरसे धरा. माझा डावा आरसा अजून त्या बाभळीखाली कुठंतरी आहे.