गाडी नेमकी कुठे तापते?

पडद्यावर दिसते आहे ती 1980च्या दशकातली प्रीमियर पद्मिनी; पुण्यात आजही तिला बहुतेक जण फियाटच म्हणतात. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीचे 1,089 सीसीचे इंजिन अजून ठणठणीत आहे, परंतु मालकांचा सगळा उन्हाळा तापमानाच्या काट्याकडे पाहण्यात गेला आहे. नाना पेठेतल्या एका गॅरेजमध्ये गाडी आली, तेव्हा मिस्त्रींनी बॉनेटला हात लावण्याआधी विचारले, “काका, गरम कुठे होते? सिग्नलला का घाटात?”

निदानाची सुरुवात याच प्रश्नापासून व्हायला हवी, कारण दोन्ही ठिकाणी इंजिन तापत असले तरी दोष सहसा वेगळ्या जागी असतो. विद्यापीठ चौकात किंवा स्वारगेटला गाडी उभी असते, तेव्हा समोरून वारा मिळत नाही आणि रेडिएटरमधून, म्हणजे इंजिनाचे गरम पाणी थंड करणाऱ्या जाळीतून, हवा ओढण्याचे काम एकट्या पंख्यावर येते. पद्मिनीत हा पंखा वॉटर पंपाच्याच दांड्यावर बसवलेला असून दोघांनाही एकच बेल्ट फिरवतो. त्यामुळे बेल्ट सैल पडला की हवा आणि पाणी या दोहोंचा ओघ एकाच वेळी मंदावतो. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट सुमारे एक ते दीड सेंटिमीटर दबावा. त्याहून जास्त दबत असेल, तर आधी तो ताणून घ्यावा आणि मगच पुढचा तपास करावा. मारुती 800सारख्या गाड्यांत पंखा विजेवर चालतो आणि पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की एक स्विच त्याला चालू करतो. त्या स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडल्यावर पंखा फिरला, तर दोष स्विचमध्ये आहे असे समजावे. फिरला नाही, तर फ्यूज, रिले आणि मोटर यांच्याकडे वळावे.

घाटाचे गणित निराळे आहे. कात्रजच्या जुन्या घाटात, दिवे घाटात किंवा सिंहगडाच्या चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये असते, इंजिन जोरात फिरते आणि त्यासोबत पद्मिनीचा पंखाही जोरात फिरत असतो. एवढे असूनही काटा चढत असेल, तर रेडिएटरला उष्णता बाहेर टाकणे झेपत नाही, हाच पहिला संशय. उपनगरांतून वर्षानुवर्षे बोअरवेलचे जड पाणी भरलेल्या गाड्यांत रेडिएटरच्या अरुंद नळ्यांना आतून क्षारांचा थर बसतो. गाडी गरम असताना, पंख्यापासून हात दूर ठेवून, रेडिएटरच्या पृष्ठभागावर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला, तर मध्येच थंड पट्टे सापडतात. त्या नळ्यांतून पाणी वाहतच नसते. जुना पितळी रेडिएटर असेल, तर वरची टाकी डाखातून सोडवून नळ्यांत सळई घालून त्या साफ करणारे कारागीर अजून आहेत. गच्च तुंबलेल्या रेडिएटरला बाटलीतल्या रसायनापेक्षा तेच हात जास्त उपयोगी पडतात.

मात्र रेडिएटर उतरवण्याआधी त्याचे झाकण तपासलेले बरे, आणि नेमके तेच बहुतेक वेळा राहून जाते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर असल्यामुळे येथे उघड्या भांड्यातले पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते. सिंहगडावर, म्हणजे सुमारे 1,300 मीटरवर, ते 96 अंशांच्या जवळपास उकळते. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे आत दाब धरून ठेवते, आणि 0.9 बारचे झाकण हा उत्कलनबिंदू जवळजवळ वीस अंशांनी वर नेते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग थकली, की ही सवलत संपते आणि काटा लाल पट्टीत पोहोचण्याआधीच पाणी उकळून बाहेर येते. ज्या गाड्यांत पाण्याची वेगळी बाटली असते, त्यांच्या झाकणात दुसरी एक बारीक झडप असते, जी गाडी थंड होताना बाटलीतले पाणी परत आत घेते. ती अडकली, तर सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो. नवे झाकण घेताना जुन्यावर छापलेला दाबच मागावा. अधिक दाबाचे झाकण लावले, तर जुने होज आणि जुने डाख त्याची किंमत मोजतात.

आता थर्मोस्टॅटकडे येऊ, म्हणजे इंजिन पुरेसे तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणाऱ्या झडपेकडे. गाडी तापली की तो काढून फेकणे हा आपल्याकडचा सर्रास उपाय आहे आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन थंडीच्या दिवसांत योग्य तापमानाला येतच नाही. पेट्रोल जास्त लागते आणि सिलिंडरची झीज वाढते. काही इंजिनांत तर त्याच्या अभावी बरेचसे पाणी रेडिएटर टाळून आतल्या आतच फिरत राहते. शंका असेल, तर थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लटकवावा आणि शेजारी थर्मामीटर ठेवून पाणी तापवावे. त्यावर 82 लिहिले असेल, तर त्या सुमारास तो उघडू लागला पाहिजे. उकळत्या पाण्यातही बंद राहिला, तर अर्थातच तो बदलावा.

जमिनीवर थेंबही दिसत नाही आणि पाणी मात्र कमी होते, अशी तक्रार आली की मिस्त्रींचा चेहरा गंभीर होतो. पाणी सिलिंडरमध्ये जात असेल, तर एग्झॉस्टमधून गोडसर वासाचा किंवा नुसता वाफेचा पांढरा धूर सतत येतो. ऑइलमध्ये जात असेल, तर ऑइल दुधाळ होते. थंड इंजिन चालू करताच रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण (हेड) आणि इंजिन यांच्यामधले सील, उडाल्याचा संशय घ्यावा आणि हेड उतरवून ते सपाट आहे का, हे पाहावे. गळतीवर रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची युक्ती अनेकांना माहीत आहे. बारीक छिद्र तिने बुजतेही, पण आधीच अरुंद झालेल्या नळ्याही तीच हळद बुजवते.

रस्त्यात काटा लाल पट्टीकडे निघाला, तर एसी बंद करावा, हीटर असल्यास तो पूर्ण सुरू करावा आणि सुरक्षित जागा पाहून थांबावे. झाकण लगेच उघडू नये. दाब सुटताच आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती चेहऱ्यावर येते. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो, म्हणून अर्धा-पाऊण तास थांबणेच योग्य.

आपल्या फियाटमध्ये अखेर दोन दोष निघाले: झाकणाचे कडक रबर आणि रेडिएटरच्या तुंबलेल्या नळ्या. साफसफाईनंतर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट सम प्रमाणात भरताना मिस्त्रींनी गाडीची पुढची बाजू उंच ठेवली आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत झाकण न लावता इंजिन चालू दिले, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते. उद्या सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना मालकांनी पातळी पुन्हा पाहायची आहे, आणि ती टिकली असेल तरच गाडी कात्रजच्या चढावर न्यायची आहे.