दोन छटाक पीठ: वर्गात महायुद्ध शिकवताना

नमस्कार श्रोतेहो. आजचं बोलणं आहे नववी-दहावीला इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी. पण घरात त्या वयाचं मूल असेल, तर आईवडिलांनीही रेडिओचा आवाज जरा मोठा करावा. स्वयंपाकघरातला वजनकाटा आज लागणार आहे.

विषय आहे पहिलं महायुद्ध. बहुतेक वर्गांत हा पाठ साराजेव्होपासून सुरू होतो. २८ जून १९१४, ऑस्ट्रियाचा राजपुत्र, एक पिस्तूल. मग कारणं: लष्करवाद, साम्राज्यवाद, गुप्त करार. मग परिणाम: व्हर्सायचा तह, राष्ट्रसंघ. घंटा वाजते. कारणं झाली, परिणाम झाले, मधलं युद्ध तेवढं राहून गेलं.

म्हणून माझं सांगणं असं, की सगळं महायुद्ध तीन तासिकांत कोंबू नका. एकच वेढा शिकवा. कूतचा वेढा. पुन्हा सांगते, कूत. इराकमध्ये तैग्रिस नदीच्या काठचं गाव, बगदादपासून साधारण १६० किलोमीटर खाली.

कूतच का? कारण तिथे अडकलेली फौज होती ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन. १९१४च्या ऑक्टोबरात तिची पहिली तुकडी मुंबईच्या बंदरातून जहाजांत चढली आणि नोव्हेंबरात बसरा हाती आलं. या डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३वी, ११०वी आणि ११७वी. त्यातली १०३वी म्हणजे आजची पहिली मराठा, जंगी पलटण. युरोपातल्या खंदकांची चित्रं मुलांनी पाहिलेली असतात, पण आपल्याकडची माणसं सर्वांत मोठ्या संख्येनं गेली ती या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पहिल्या तासिकेला फळ्यावर नदी काढा. घोड्याच्या नालेसारखी काढा, उघडं तोंड वर, म्हणजे उत्तरेला. नालेच्या आत, अगदी तळाशी, गाव. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला शत्रूचे, म्हणजे तुर्कांचे, खंदक. या चित्राला पाच मिनिटं द्या, घाई करू नका. ही नाल डोक्यात बसली, की पुढचं सगळं समजतं.

नोव्हेंबर १९१५मध्ये या डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड बगदादच्या रोखानं निघाला. बगदादजवळच्या टेसिफॉनला मोठी हानी झाली, मागे फिरावं लागलं, आणि ३ डिसेंबरला दमलेली फौज कूतमध्ये शिरली. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा पक्का केला.

आता नीट ऐका, सगळा धडा इथे आहे. टाउनशेंडनं बिनतारी संदेश पाठवला. सारांश असा, की गोऱ्या पलटणींना एक महिना आणि हिंदी पलटणींना दोन महिने पुरेल इतकी पूर्ण शिधासामग्री आहे. खालच्या अंगाला बसलेल्या सेनापतींनी हिशेब केला: म्हणजे जानेवारीत पोचायलाच हवं. फ्रान्सहून आणलेल्या तुकड्या बसऱ्याला उतरत होत्या. तोफा पूर्ण आल्या नव्हत्या, नदीतून न्यायला बोटी पुऱ्या नव्हत्या, जखमींसाठी डॉक्टर नि औषधं तर फारच थोडी. तरी तशाच निघाल्या. कूतच्या वाटेवर तीन लढाया झाल्या. ६ जानेवारीपासून शेख साद: सुमारे ४,००० मेले किंवा जखमी झाले. १३ जानेवारी, वादी: सुमारे १,६००. २१ जानेवारी, हन्ना, चिखलात आणि पावसात: सुमारे २,७००. पंधरा-सोळा दिवसांत आठ हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि कूत सुटलं नाही ते नाहीच.

आणि मग? जानेवारी संपता संपता कूतमध्ये घराघरांतून धान्याची झडती घेतली. गावकऱ्यांच्या कणग्यांतून, तळघरांतून शेकडो टन जव निघाले, गहू निघाले, तूप निघालं. टाउनशेंडनं नवा संदेश पाठवला: आणखी ८४ दिवस तग धरता येईल. पुन्हा सांगते, ८४ दिवस. धान्य डिसेंबरातही तिथेच होतं. मोजलं नव्हतं.

वर्गात हे दोन्ही संदेश दोन चिठ्ठ्यांवर मराठीत लिहा. एक मुलगी पहिली चिठ्ठी मोठ्यानं वाचेल. मग तिन्ही लढायांचे आकडे फळ्यावर. मग दुसऱ्या मुलानं दुसरी चिठ्ठी वाचायची. हाच क्रम ठेवा. दोन्ही चिठ्ठ्या आधीच वाटल्या तर मुलं शेवट बघून मोकळी होतात आणि पहिला संदेश मिळालेल्या सेनापतीच्या जागी कुणी स्वतःला ठेवून बघत नाही. आणि मोठ्यानंच वाचायला लावा. शाळांतून प्रकट वाचन चौथीनंतर जवळजवळ बंदच झालंय, याचं मला फार वाईट वाटतं. आवाजातून गेलेली तारीख विसरली जात नाही.

दुसरी तासिका, वजनकाट्याची. साहित्य म्हणजे वजनकाटा, किलोभर ज्वारीचं पीठ आणि ताटल्या, बस्स. एप्रिलच्या मध्याला कूतमधला दररोजचा पिठाचा वाटा माणशी ४ औंसांवर आला. ४ औंस म्हणजे ११३ ग्रॅम. आजीच्या मापात जेमतेम दोन छटाक. मुलांकडून तेवढं मोजून ताटलीत काढा. मग विचारा, याच्या भाकऱ्या किती होतील? ज्या घरी भाकरी होते तिथलं मूल लगेच सांगेल, एक. फार तर सव्वा. दिवसाची एक भाकरी, तीही जवाची, आणि रात्री खंदकात पहारा. हे पीठ टाकू नका. चाळून पोषण आहाराच्या डब्यात परत घाला.

आता गणित. गावात एकूण किती पीठ रोज लागेल? मुलं झटकन १३,००० सैनिक नि नोकरचाकर धरतात, चारनं गुणतात, सोळानं भागतात (सोळा औंसांचा एक पौंड) आणि ३,२५० पौंड सांगतात. चूक. कारण गावात सहा हजारांच्या आसपास गावकरीही कोंडले होते, बायका-मुलांसकट. मिळून वीस हजार तोंडं धरा. वीस हजार गुणिले चार, भागिले सोळा: ५,००० पौंड. आपल्या हिशेबानं साडेबावीस क्विंटल, पन्नास किलोची पंचेचाळीस पोती, रोज. ही चूक मुलांना करू द्या, आधी सावध करू नका. सैन्य मोजायचं आणि गाव विसरायचं, ही टाउनशेंडचीच चूक त्यांच्या हातून होते, आणि ती फळ्यावर दिसते.

हे ५,००० पौंड विमानांनी टाकायचं ठरलं. १५ एप्रिलपासून विमानं पोती बांधून कूतवर घिरट्या घालू लागली. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून धान्य पुरवण्याचा इतका मोठा प्रयत्न त्याआधी झाला नव्हता. त्या काळचं विमान एका फेरीत दीडशे पौंडांच्या आतबाहेरच उचलणार. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या खंदकात. चौदा दिवसांत ७०,००० पौंड हवे होते. एकूण टाकलं गेलं सुमारे १९,०००. पाव हिश्श्याच्या थोडं वर. मुलांना स्तंभालेख काढायला लावा, दोनच खांब, एक सत्तर, एक एकोणीस.

आणि विमानातून धान्याआधी काय टाकलं होतं ठाऊक आहे? जात्याचे दगड. गावात जव होते, पण एवढे दळणार कशावर? म्हणून दगडी तळ्या आकाशातून उतरवल्या. ज्या घरात अजून जातं आहे, त्या घरच्या मुलाला वरची तळी दोन्ही हातांनी उचलून बघायला सांगा. मग तीच तळी कापडी लाकडी विमानाला बांधली आहे असं समजायला सांगा. धान्य असणं वेगळं आणि पीठ असणं वेगळं. युद्धाच्या इतिहासात दळणाला पानभर तरी जागा हवी.

आता घोड्यांचं मांस. चारा संपला, घोडे मारावे लागले. गोऱ्या शिपायांनी मांस खाल्लं. हिंदी शिपायांनी फार काळ नाकारलं, हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी बिनतारीवरून आणवली तरी. घरी कळलं तर जातीत कोण घेईल, मुलींची लग्नं कशी होतील, ही भीती होती. एप्रिलमध्ये नाइलाजानं बहुतेकांनी खाल्लं. इथे वर्गात हसू फुटतं. फुटू देऊ नका. शिपाई चार वर्षांनी ज्या गावात परतणार, त्या गावाचा विचार करूनच तो उपाशी राहत होता. मुलांना विचारा, तुम्ही कुणाच्या भीतीनं काय सोडलंय?

याला विज्ञानाची जोड द्या. गोऱ्या शिपायांना पांढऱ्या मैद्याचा पाव मिळे, त्यांच्यात बेरीबेरी, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व न मिळाल्यानं होणारा आजार, पसरली. हिंदी शिपायांना कोंड्यासकट आटा आणि डाळ, त्यांना बेरीबेरी झाली नाही. मैदा संपून गोरे जवाच्या आणि आट्याच्या भाकरीवर आले तशी त्यांची बेरीबेरी ओसरली. उलट ताजी भाजी नाही आणि मांसही नाही, म्हणून हिंदी शिपाई स्कर्व्हीनं, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं, आजारी पडले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. रानपाला खुडून खाल्ला, त्यात काही पाला विषारी निघाला. विज्ञानाच्या बाईंना या तासाला बोलवा. आणि घरी ऐकत असलेल्या सगळ्यांना सांगते, कणीक चाळून कोंडा टाकून देऊ नका हो. थोडी खरखरीत पोळी झाली तर चालते. जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकत घ्यायच्या आणि कोंडा गुरांना घालायचा, हे मला अजिबात पटत नाही.

२४ एप्रिलच्या रात्री जुलनार नावाची बोट २७० टन सामान घेऊन अंधारातून निघाली, अडकली, पकडली गेली. २९ एप्रिल १९१६, कूत शरण. सोडवायला आलेल्या फौजेचे सुमारे २३,००० मेले-जखमी झाले होते, ते तेरा हजारांना सोडवण्यासाठी. शिपाई वाळवंटातून पायी हाकले गेले आणि पुढे रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात ठेवलं. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहा आणि खाली काही लिहू नका. मुलं आपणहून बोलतात.

तिसरी तासिका परिणामांची. इथे थोडक्यात आटपा. फळ्यावर दोन तारखा: २८ एप्रिल १९१६, बेळगाव, टिळकांची होमरूल लीग. २९ एप्रिल १९१६, कूत. एका दिवसाचं अंतर. मग मेसोपोटेमियातल्या अनागोंदीची चौकशी, १९१७चा अहवाल, भारतमंत्री चेंबरलेन यांचा राजीनामा, त्यांच्या जागी माँटेग्यू आणि २० ऑगस्ट १९१७ची जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा. पुस्तकात माँटेग्यू एका धड्यात आणि महायुद्ध दुसऱ्या धड्यात असतं. त्यांच्यामध्ये कूत आहे, एवढं दाखवलंत तरी पुष्कळ.

गृहपाठ मात्र गावाचा द्या. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी या गावात महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. अनेक गावांत संगमरवरी पाटी असते, या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले, एवढाच मजकूर. अक्षरं झिजली असतील तर खडू फासू नका, तारेच्या ब्रशनं घासू नका. सकाळी लवकर जा, किंवा विजेरी पाटीला बाजूनं चिकटवून धरा, तिरप्या उजेडात अक्षरं उठून दिसतात.

पाटी नसेल तर युद्धात मेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी इंटरनेटवर विनामूल्य शोधता येतात. अनेक नोंदींत बापाचं किंवा बायकोचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. इथे मुलं हमखास अडतात, म्हणून लिहून घ्या. रायगड शोधलं तर हाती काही लागणार नाही, तेव्हा तो कुलाबा होता. सिंधुदुर्गातली गावं रत्नागिरीत शोधा. सांगलीकडची बरीच गावं साताऱ्यात. आडनावंही इंग्रज कारकुनाच्या कानानं लिहिलेली: पवारांचं पोवार, शिंद्यांचं सिंदे, जाधवांचं जाधाओ. म्हणून आडनावावरून नका शोधू. आधी पलटण घाला, १०३, ११० किंवा ११७ मराठा, मग तारीख डिसेंबर १९१५ ते १९१८ अशी धरा, आणि मग एकेक नोंद उघडून गावाचं नाव मोठ्यानं वाचा. इंग्रजी स्पेलिंग कितीही बिघडलेलं असो, आपल्या शेजारच्या गावाचं नाव कानाला ओळखू येतं.