हिमलीचं वाकडं घर

[दृश्य: पबमधली खोली. तिरकी खिडकी, तिरकं छत. भिंतीलगतच्या लाकडी फळीवर काचेची गोटी.]

फळीवर गोटी ठेवायची आणि हात काढून घ्यायचा. गोटी चक्क चढावर जायला लागते. जादू काही नाही. खिडकी, दार, छत सगळंच एका बाजूला कललेलं असल्यामुळे डोळा त्या खोलीलाच सरळ मानून बसतो. मग खरा उतार चढासारखा दिसतो. इथे येणारं प्रत्येक पोरगं हा खेळ बघायचं, आणि पोरांना घेऊन आलेले बाप तर दोनदा बघायचे.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. या पबमध्ये अंगण खरोखरच वाकडं होतं. दोन ग्लास रिचवून कोणी झोकांड्या खात बाहेर आला, तर दोष बिअरचा की जमिनीचा, हे सांगणं कठीण.

[दृश्य: झाडीतून जाणारा अरुंद रस्ता. टोकाला लाल विटांची, एका अंगाला झुकलेली दुमजली इमारत.]

पबचं नाव क्रूकेड हाऊस. गाव हिमली, इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात, डडली शहराच्या जवळ. इमारत १७६५ सालची. तेव्हा ते साधं शेतावरचं घर होतं, आणि सरळ होतं. साधारण १८३० च्या सुमाराला त्याचा पब झाला.

घर वाकडं केलं ते कोळशाने. डडलीच्या आसपासच्या या मुलखाला ब्लॅक कंट्री म्हणतात. इथे जमिनीखाली कोळशाचा जवळपास तीस फूट जाडीचा थर होता. एवढा जाड थर इंग्लंडमध्ये क्वचितच सापडतो. एकोणिसाव्या शतकात तो उपसला गेला, लोखंडाच्या भट्ट्या पेटल्या, आणि खाली पोकळी राहिली. वरची जमीन बसत गेली. घराची एक बाजू दुसरीपेक्षा जवळजवळ चार फूट खाली गेली.

हे चित्र आपल्याला अगदीच परकं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला ऑगस्ट २०२२ मध्ये आमराई वॉर्डातलं एक घर बघता बघता जमिनीत गडप झालं होतं. त्याच्याही खाली जुनी कोळसा खाण होती. हिमलीचं घर नशिबाचं, ते नुसतं कललं.

पबचं जुनं नाव होतं ग्लिन आर्म्स. जमिनीचे मालक सर स्टीफन ग्लिन, त्यांच्या घराण्यावरून पडलेलं. या ग्लिनसाहेबांची बहीण कॅथरीन म्हणजे पुढे चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टन यांची पत्नी. घराण्याने याच भागात ओक फार्म नावाचा विटांचा आणि लोखंडाचा कारखाना काढला. १८४७ मध्ये त्याचं दिवाळं वाजलं, आणि मेहुण्यांच्या इस्टेटीची गाडी रुळावर आणता आणता ग्लॅडस्टनना बरीच वर्षं घाम गाळावा लागला. पण पाटीवरचं घराणं मोठं असलं तरी गिऱ्हाइकांनी ते मनावर घेतलं नाही. लोक आपले वाकडं घरच म्हणत राहिले.

[दृश्य: इमारतीच्या बाहेरून दिलेले विटांचे जाडजूड टेकू.]

आता या गोष्टीतला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. १९४० च्या दशकात इमारत धोकादायक ठरली. पाडून टाकायचं जवळपास नक्की झालं. तेव्हा वुल्व्हरहॅम्प्टन अँड डडली ब्रुअरीज या बिअर कंपनीने ती विकत घेतली, भिंतींना बाहेरून टेकू दिले, आतून लोखंडी तुळया घातल्या आणि वाकडेपणा होता तिथेच थोपवला. सरळ करायच्या फंदात कोणी पडलं नाही. कंपनीला धंदा कळत होता. सरळ पब गल्लोगल्ली होते, वाकडा हा एकच.

तो पुढे सत्तरएक वर्षं चालला. जेवणारे, पिणारे, गोटी बघणारे, भिंतीला टेकून फोटो काढणारे. मग ब्रिटनमधल्या हजारो पबवर आलेली वेळ यावरही आली. सुपरमार्केटातली स्वस्त बिअर, कोविडची टाळेबंदी, वीज आणि गॅसची बिलं. शिवाय गावाबाहेर, एका आडरस्त्याच्या टोकाला असलेला पब. गाडीने यायचं, तर पिणार किती? त्याच बिअर कंपनीने, तोवर तिचं नाव मार्स्टन्स झालं होतं, जुलै २०२३ मध्ये पब एका खासगी खरेदीदाराला विकला. तिथे पुन्हा पब चालण्याची शक्यता कमीच, हेही तेव्हा कळलं.

[दृश्य: रात्र. ज्वाळा. रस्त्यात मातीचे ढीग.]

५ ऑगस्ट २०२३, शनिवारची रात्र. पबला आग लागली. अग्निशमन दलाच्या गाड्या आल्या, पण रस्त्यावर मातीचे ढीग होते. गाड्या मागेच ठेवून जवानांना लांबून पाण्याचे पाइप ओढत न्यावे लागले. आतलं लाकूड आणि छप्पर जळालं, भिंती बऱ्याचशा उभ्या होत्या.

सोमवारी दुपारी पोकलेन आला आणि त्या भिंतीही गेल्या. स्थानिक कौन्सिलचं म्हणणं, सुरक्षेसाठी वरच्या मजल्याचा काही भाग काढायचं ठरलं होतं, सगळी इमारत पाडायला आम्ही कधीच सांगितलं नव्हतं. पोलिसांनी आग मुद्दाम लावल्याच्या संशयावरून तपास सुरू केला, सहा जणांना अटकही झाली. इमारतीला राष्ट्रीय वारसा यादीचं संरक्षण नव्हतं. त्यासाठीचा अर्ज आगीच्या थोडाच आधी गेला होता.

लोक पेटून उठले. वेस्ट मिडलंड्सचे तेव्हाचे महापौर अँडी स्ट्रीट म्हणाले, वीट न वीट लावून पब पुन्हा उभा करा. हे नुसतं भावनेच्या भरात बोललेलं नव्हतं. लंडनच्या मेडा व्हेल भागातला कार्लटन टॅव्हर्न २०१५ मध्ये असाच विनापरवाना पाडला गेला होता. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने बिल्डरला तो जसा होता तसा बांधायला लावला, आणि २०२१ मध्ये तो पुन्हा उघडला. शिवाय २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला आधी परवानगी लागतेच.

२७ फेब्रुवारी २०२४ ला साउथ स्टॅफर्डशायर कौन्सिलने मालकांना नोटीस दिली: आगीपूर्वी होती तशी इमारत तीन वर्षांत पुन्हा बांधा. मालकांनी तिच्याविरुद्ध अपील केलं.

[दृश्य: ढिगाऱ्यातून वेगळ्या काढलेल्या विटांच्या राशी.]

'होती तशी' हे कागदावर लिहायला सोपं. कोळशाच्या खाणीने फुकटात आणि बेशिस्तीने केलेलं काम आता इंजिनियरला मोजपट्टी लावून करावं लागेल. पाया पक्का आणि सपाट, त्यावर भिंती ठरवून तिरक्या, खिडक्यांच्या चौकटी वेगळ्या कोनातल्या, आणि तरीही आजच्या सुरक्षेच्या नियमांत बसणारं सगळं. जुन्या फोटोंवरून हे जमण्यासारखं आहे. तपासणीलाही यंत्रं लागणार नाहीत, फळीवर एक गोटी सोडली तरी पुरे.