टोन बदलला तरी जुनाच वाजतोय? मग चुकीच्या जागी बदललाय

नमस्कार मंडळी! आज खरं तर दुसराच विषय ठरला होता. पण मागच्या व्हिडिओत मी बॅटरीवर घसा कोरडा करून बोलले आणि खाली कमेंट काय? "ताई, नोटिफिकेशनचा आवाज कसा बदलायचा?" "ताई, बदलला, पण जुनाच वाजतो." "ताई, सगळ्या ॲपला एकच आवाज, कोण बोलावतंय कळत नाही." बॅटरीबद्दल एक अक्षर नाही! बरं, टोन तर टोन.

सोपं आहे ते आधी उरकते. सेटिंग्ज, साउंड, नोटिफिकेशन साउंड, यादीतला आवडेल तो निवडा. झालं. स्वतःची फाइल लावायची असेल तर फाइल मॅनेजर उघडा, इंटर्नल स्टोरेजमध्ये 'नोटिफिकेशन्स' नावाचं फोल्डर असतं, त्यात ती टाका. एमपीथ्री चालते, ओजीजी चालते. टाकल्यावर यादीत नाव दिसायला हवं. नाही दिसलं तर फोन एकदा रीस्टार्ट करा. हे मी अँड्रॉइडचं सांगतेय, आयफोनवाल्यांनी जरा धीर धरा.

आणि एवढ्याशा कामासाठी कृपा करून वेगळं ॲप उतरवू नका. टोन लावायला लोकेशन कशाला लागतं हो? पण ही ॲप मागतात आणि आपण 'अलाऊ, अलाऊ' करत सुटतो. दोन सेकंदांच्या टिंगसाठी दिवसभर जाहिराती बघायच्या. फोनमध्ये सगळी सोय आधीच आहे.

आता मुद्द्याचं. "बदलला तरी जुनाच वाजतो." याचं उत्तर एका वाक्यात: आवाज ॲपला नसतो, ॲपमधल्या कॅटेगरीला असतो.

हे कधीपासून? २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ आलं, ओरिओ म्हणतात ते. त्यात गूगलनं नोटिफिकेशन चॅनल आणले. सेटिंग्जमध्ये तुम्हाला ते 'कॅटेगरी' म्हणून दिसतात. म्हणजे एकाच मेसेजिंग ॲपमध्ये मेसेजची कॅटेगरी वेगळी, ग्रुपची वेगळी, कॉलची वेगळी. प्रत्येकीचा आवाज वेगळा, व्हायब्रेशन वेगळं. आणि एकदा कॅटेगरी तयार झाली की तिचा आवाज ॲप बनवणाऱ्यालाही बदलता येत नाही. तो हक्क फक्त तुमचा. त्यामुळे "अपडेटनंतर आवाज आपोआप बदलला" असं जे म्हणतात, तिथे बहुतेकदा ॲपनं जुनी कॅटेगरी काढून नवीन बनवलेली असते. ॲपच्या नोटिफिकेशन सेटिंग्जमध्ये पार तळाशी जा, काही फोनवर तिथं 'इतक्या कॅटेगरी डिलीट केल्या' असं बारीक अक्षरात लिहिलेलं सापडेल. कुणी वाचत नाही ते.

अजूनही डोक्यात नाही शिरलं? दुसऱ्या बाजूने सांगते. सेटिंग्जमध्ये वरवर जो टोन तुम्ही बदलता, तो फक्त त्या कॅटेगरींना लागतो ज्यांच्या साउंडसमोर 'डिफॉल्ट', म्हणजे फोनचा ठरलेला टोन, असं लिहिलंय. जिच्यासमोर दुसऱ्या कुठल्या टोनचं नाव आहे, ती तुमच्या बदलाकडे ढुंकूनही बघत नाही. तुम्ही वर दहादा बदला, ती आपलं जुनंच वाजवणार.

आणि तिसरी पद्धत, ही करूनच दाखवते. स्क्रीनकडे बघा. मी दुसऱ्या फोनवरून मेसेज पाठवते... आला. आता हा सरकवायचा नाही, उघडायचा नाही. त्यावर बोट दाबून धरायचं. धरा... हां. बघा, ॲपचं नाव आलं आणि त्याखाली कॅटेगरीचं नाव. कोपऱ्यात ते दातेरी चाक आहे, त्यावर टॅप. आपण थेट ज्या कॅटेगरीनं आवाज केला, तिच्याच सेटिंगपाशी पोचलो. आता साउंड, टोन निवडा, मागे या. शोधाशोध नाही, अंदाज नाही. जो आवाज छळतोय तो वाजू द्यायचा आणि तिथेच पकडायचा.

"आमच्या फोनमध्ये कॅटेगरी दिसतच नाहीत" म्हणणारे सॅमसंगवाले असणार. वन यूआय, म्हणजे सॅमसंगचं स्वतःचं अँड्रॉइडचं रूप, त्याच्या ६.१ पासून कंपनीनं ते लपवून ठेवलंय. सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथे प्रत्येक ॲपच्या कॅटेगरी मॅनेज करण्याचं बटण आहे, ते सुरू करा. का लपवलं? देव जाणे. लोकांना गोंधळ नको म्हणून लपवलं असेल, तर गोंधळ वाढलाय.

अजून एक. कॅटेगरी 'सायलेंट'वर असेल तर साउंडचा पर्याय गायब असतो. मग लोक म्हणतात, फोन खराब आहे. खराब नाही, आधी ती कॅटेगरी 'सायलेंट'वरून 'डिफॉल्ट'वर आणा, पर्याय परत येईल.

व्हॉट्सॲपचं तेवढं वेगळं सांगते. अँड्रॉइडवर एखाद्या चॅटला कस्टम नोटिफिकेशन लावलं की ते चॅट सगळ्यांपासून फुटून निघतं. नंतर व्हॉट्सॲपचा मुख्य टोन बदलला तरी त्या चॅटचा बदलत नाही. चॅट उघडा, वर नावावर टॅप, नोटिफिकेशन्स, तिथेच बदला. आमच्या धाकट्या बंधुराजांनी फॅमिली ग्रुपला आख्ख्या गाण्याची फाइल लावली होती. सकाळी शुभेच्छांची सरबत्ती सुरू झाली की प्रत्येक मेसेजला गाणं पहिल्यापासून. मुखड्याच्या पुढे ते गाणं आमच्या घरात कुणी ऐकलेलंच नाही. तेव्हा फाइल दोन-तीन सेकंदांची कापून घ्या. आणि सुरुवातीची शांत जागाही कापा, नाहीतर मेसेज आल्यावर आवाज उशिरा येतो आणि तुम्ही नेटवर्कला शिव्या घालता.

चला, आयफोन. सेटिंग्ज, साउंड्स अँड हॅप्टिक्स, तिथे टेक्स्ट टोन, मेल, कॅलेंडर यांचे आवाज बदलता येतात. बाकीच्या ॲपना? नोटिफिकेशन्समध्ये साउंड सुरू किंवा बंद, बस. ॲपनं आत स्वतः यादी दिली असेल तर तेवढ्यातलं निवडायचं. व्हॉट्सॲप देतं, टेलिग्राम तर स्वतःचा आवाजही टाकू देतं. "पण मला सगळ्याच ॲपना वेगवेगळा हवाय." नाही होत. मला कमेंटमध्ये रागावून उपयोग नाही, मी ॲपलमध्ये नोकरीला नाही.

हो, सगळ्यांचा मिळून एक डिफॉल्ट आवाज मात्र बदलता येतो, आणि ते लोकांच्या आरडाओरड्यानंतर झालं. २०२३ मध्ये आयफोनच्या आयओएस १७ या सिस्टीमनं वर्षानुवर्षांचा 'ट्राय-टोन' काढून 'रिबाउंड' नावाचा बारीकसा आवाज आणला. लोकांना तो ऐकूच येईना. मग त्याच वर्षी १७.२ मध्ये 'डिफॉल्ट अलर्ट्स' हा पर्याय आला. तो ट्राय-टोन मुळात फोनसाठी बनलाच नव्हता, बरं का. १९९९ मध्ये केली जॅकलिन यांनी साउंडजॅम या म्युझिक सॉफ्टवेअरसाठी केला होता, सीडी बर्न होऊन झाली हे कळावं म्हणून. मारिंबा या वाद्याचे तीन सूर. साउंडजॅम पुढे ॲपलनं घेतलं, आणि पुढे तोच आवाज जगभर मेसेजचा आवाज झाला. मला हे वाचून भलती गंमत वाटली होती, म्हणून सांगितलं. सेटिंगशी काही संबंध नाही.

स्वतःची क्लिप आयफोनला लावायची तर ॲपलच्याच गॅरेजबँड या म्युझिक ॲपमध्ये घ्या, ३० सेकंदांच्या आत ठेवा, रिंगटोन म्हणून शेअर करा. मग ती टेक्स्ट टोनच्या यादीतही दिसते.

शेवटचा प्रश्न: "आधी वाजायचा, आता आपोआप डिफॉल्ट झाला." ती फाइल आहे का बघा! फोन साफ करणाऱ्या क्लीनर ॲपनं उडवली असेल, नाहीतर दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली असेल. फोन टोनची प्रत ठेवतोच असं नाही, फाइल कुठे आहे तेवढं लक्षात ठेवतो. फाइल सापडली तर 'नोटिफिकेशन्स' फोल्डरमध्ये परत टाका आणि कॅटेगरीत जाऊन पुन्हा निवडा. ॲप काढून परत टाकलं असेल तरी तेच, निवड नव्यानं करावी लागते. एवढं करूनही वाजलं नाही, तर फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडचं व्हर्जन कमेंटमध्ये लिहा. नुसतं "होत नाही ताई" लिहिलंत तर मी काय सांगणार?