वास उडाला की गुण उडाला

श्रोतेहो, नमस्कार.

चैत्र-वैशाखात आपल्या मराठवाड्यातल्या कुठल्याही गल्लीतून दुपारी जा, काळ्या मसाल्याच्या भाजणीचा ठसका बसतोच. मसाल्यात जंतूंना मारणारं जे काही असतं, ते बहुतेक त्या वासाच्या तेलातच असतं. झाड हे तेल किडीपासून, बुरशीपासून स्वतःला राखायला तयार करतं. लवंगेच्या तेलात 70 ते 90 टक्के युजेनॉल, म्हणजे जंतूंना मारणारा वासाचा पदार्थ, असतो. दाताच्या दवाखान्यात शिरताच येणारा तो ओळखीचा वास याचाच, कारण तात्पुरती दाढ भरताना डॉक्टर झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवतात. ओव्यात असाच थायमॉल नावाचा पदार्थ असतो.

लसणाची गंमत वेगळी. अख्खी पाकळी नाकाशी धरा, फारसा वास येत नाही. ठेचा, आणि लगेच नाकात झणका जातो. पाकळीत वेगवेगळे ठेवलेले दोन पदार्थ ठेचल्यावर एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. 1944 साली संशोधकांनी ते वेगळं काढून त्याचा जंतुनाशक गुण दाखवला. अख्खी पाकळी कढत तेलात टाकली, तर अ‍ॅलिसिन घडवणारं विकर (एन्झाइम) आधीच नासतं. म्हणून लसूण ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवा, मग फोडणी द्या. कुटलेल्या मसाल्याचा वास उडत जातो, म्हणून तोही वर्षभराचा कुटून ठेवण्यापेक्षा थोडा थोडा कुटा, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. ओली पळी आत घालू नका. ओल लागली की मसाल्यालाच बुरशी येते.

आता हळद. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा गुण रंगात आहे, कर्क्युमिनमध्ये. ते हळदीत जेमतेम 2 ते 5 टक्के, आणि अंगी फार थोडं लागतं. मिऱ्यातल्या पिपरीनमुळे ते जास्त लागतं, हे तपासून पाहिलेलं आहे.

हळदीनं जखम भरते, यावर 1995 साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेनं आपले जुने ग्रंथ पुरावा म्हणून मांडले आणि 1997 मध्ये ते रद्द करवलं. मला त्या लढ्याचा फार अभिमान आहे. पण हे ज्ञान आपलं जुनं आहे, एवढंच त्यातून सिद्ध झालं. डब्यातली हळद निर्जंतुक असते, असं त्यातून ठरत नाही. हळद मातीतून निघते, अंगणात वाळते, गिरणीत दळली जाते. चिवट जंतुबीजं त्या पुडीत टिकून राहतात. प्रयोगशाळेत जंतूंवर शुद्ध अर्क घालतात. चिमूटभर हळदीत तेवढा जोर कुठून येणार?

माझ्या भाच्याच्या पायाला खुरपं लागलं, तेव्हा घरच्यांनी मायेनं मूठभर हळद दाबली. तिसऱ्या दिवशी पाय टम्म सुजला. डॉक्टरांनी आधी हळद धुऊन काढली, तेव्हा कुठे घाव किती खोल आहे ते दिसलं. घाव वाहत्या पाण्यानं, साबणानं धुवा आणि धनुर्वाताच्या सुईसाठी दवाखाना गाठा.

ज्यांच्या घरी बाळंतीण आहे, त्या आजींना, मावशींना माझी हात जोडून विनंती आहे. बाळाच्या नाळेला घरातली हळद लावू नका, तेल नको, राख नको. गळून पडेपर्यंत ती कोरडी राहू द्या. बेंबीभोवती लाली दिसली, पू आला, तर त्याच दिवशी बाळाला दवाखान्यात न्या.