वारा फिरला, मुक्काम वाढला
(निवेदन : शिडाच्या होड्यांची मुंबई–गोवा सफर)

[दृश्य : पहाट, मुंबई बंदर. शिडं चढतायत.]

उजाडायच्या आत निघायचं, कारण मतलई. रात्री निवलेल्या जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा हा वारा सकाळी नऊ-दहापर्यंतच साथ देतो. मग सगळं ठप्प. दुपारी वायव्येचा वारा उठतो आणि संध्याकाळपर्यंत जोर धरतो. पाऊस सरला की कोकण किनाऱ्याचा दिवस असाच जातो. गोव्यापर्यंतचे सुमारे सव्वादोनशे सागरी मैल होडीवाल्यांच्या क्लबने त्यावरच बेतलेत.

ताफ्यात होड्या लहान-मोठ्या आहेत. मोठी सात नॉटने, म्हणजे तासाला सात सागरी मैलांनी, सहज पळते, लहान जेमतेम पाच गाठते. वेग ठरतो लहानीवरून. ठरल्या वेळी प्रत्येक होडी व्हीएचएफ रेडिओवर आपली जागा, वारा आणि माणसांची तब्येत कळवते. समुद्र लागून गळून गेलेला माणूस रात्री सुकाणू धरू शकत नाही. त्याची पाळी कुणीतरी घ्यावी लागते.

[दृश्य : खांदेरीचा दीपस्तंभ, जंजिरा, सुवर्णदुर्ग.]

पाठीशी वारा, उन्हं, माशांच्या जाळ्यांचे बोये (तरंगत्या खुणा) चुकवत केलेला प्रवास. हे दिवस भराभर जातात.

नकाशावर थोड्या थोड्या अंतराने खाडी दिसते आणि धीर येतो. तो धीर फसवा आहे. बऱ्याच खाड्यांच्या मुखाशी वाळूचा पट्टा असतो. भरतीला होडी त्यावरून आत जाते. ओहोटीला खाडीचं पाणी बाहेर धावतं, समोरून लाट येते, आणि त्या उथळ जागी दोन्ही भिडून लाट फुटते. घाबरून अशा वेळी आत शिरणारी होडी खोल पाण्यात थांबलेल्या होडीपेक्षा जास्त धोक्यात असते. म्हणून आसऱ्याची जागा वारा फिरायच्या आधीच ठरवायची, भरतीचं कोष्टक समोर ठेवून.

[दृश्य : रत्नागिरीच्या दक्षिणेला. समुद्र गुळगुळीत, पण होड्या उचलल्या जातायत.]

वारा पडलाय, तरी नैऋत्येकडून लांब, जड लाटा येतायत. दूर कुठेतरी हवा बिघडली आहे. वायुदाबमापक पाहायचा, पण समजून. आपल्याकडे वादळ नसतानाही दाब रोज चढतो-उतरतो : सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारला कमी. तुलना कालच्या त्याच वेळेशी करायची. आज चारला काटा कालच्या चारपेक्षा तीन मिलिबारने खाली आहे. ही खूण गंभीर आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ चक्रीवादळ कोकणाला न धडकता ओमानच्या दिशेने वळलं, तरीही सिंधुदुर्गातल्या किनारी वस्त्यांत समुद्राचं पाणी शिरलं होतं. वादळ दूरून गेलं, एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही.

[दृश्य : विजयदुर्ग, वाघोटन खाडी. मच्छीमार नौकांची दाटी.]

या मुखाशी वाळू आडवी येत नाही. कोणत्याही हवेत आत येता येतं. आंग्र्यांच्या आरमाराने हे बंदर उगाच निवडलं नव्हतं. जवळच गिर्ये इथे त्यांची गोदीही होती.

बंदरावर वादळी वाऱ्याचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा चढलाय. शेजारच्या नौकेवरचा म्हातारा तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, एवढंच म्हणतो, “आज भायर जाव नकात.”

होड्यांवर मात्र वाद पेटतो. कुणाची रजा संपते आहे, कुणाचं परतीचं तिकीट काढलेलं आहे, आणि वर आकाश अजून निळंच आहे. ताफ्याचा प्रमुख सगळ्यांचं ऐकून घेतो आणि नांगर न उचलण्याचा निर्णय देतो. शीड हाकारणारे पुष्कळ मिळतात. निळ्या आकाशाखाली नाराजी पत्करून ताफा थांबवणारा माणूस, माझ्या मते, या सफरीतला सगळ्यात मोठा दर्यावर्दी आहे.

रिकामं कुणी बसत नाही. फाटकी शिवण टाचली जाते, पंप तपासले जातात. नांगराची साखळी पाण्याच्या खोलीच्या पाचपट सोडलेली आहे ना, आणि ती खोली भरतीची धरली आहे ना, हे पुन्हा पाहिलं जातं. रात्री पाऊस कोसळतो, दक्षिणेचा वारा दोऱ्यांतून घोंगावतो. नांगर धरून राहतात.

[दृश्य : आकाश मोकळं. ताफा बाहेर पडतोय.]

बावटा उतरला, लाट बसली, वारा वायव्येला आला. बहुतेक होड्या मालवणच्या वाटेने गोव्याकडे वळल्या. रजा संपलेल्या दोन होड्या मुंबईकडे निघाल्या. त्यांना आता दुपारचा वारा तोंडावर. त्या किनाऱ्यालगत राहून पहाटेच्या मतलईवर मैल कापतील, वायव्येचा जोर वाढला की जयगडला नांगर टाकतील, आणि पुन्हा पहाटे निघतील.